हेमावतीची झोप

आमच्या हेमावतीला जिनं आळशी म्हटलं तिचा मला राग आलता, आणि जिनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं तिचा तर त्याहून जास्त. गंमत अशी की या दोन बाया न्हाईत, एकच. माझी आई, लक्ष्मम्मा. आम्ही तिला अव्वा म्हणायचो.

मी बसम्मा, अव्वाची थोरली लेक. नवरा तापानं गेला तशी हळ्ळीखेडला माहेरी आले आणि तिथलीच झाले. माझी जीभ तिखट आहे असं सगळं गाव म्हणतं. असू दे. गोड जिभेच्या बायांनी हेमावतीचं काय चालवलं होतं ते ऐका, मग ठरवा.

हेमावती म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, शिवशरणची बायको. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरचा दुसरा उन्हाळा चालू होता तेव्हा ती जनवाड्याहून लग्न होऊन आमच्यात आली. रंग सावळा, डोळे लई मोठे, आणि नजर सदा कुठून तरी लांबून परत आल्यासारखी. बोलता बोलता पापणी जड व्हायची. मला वाटलं, नवी नवरी आहे, लग्नाच्या धावपळीत दमली असेल, झोपू द्या बिचारीला.

पण ते दमणं संपेचना. पहाटे दळायला बसली की जातं फिरायचं, ओवी चालायची, आणि मग ओवीत भलतंच काही यायला लागायचं. भावाच्या ओवीत एकदम म्हैस यायची, म्हशीच्या मागून विहीर चालत यायची. मी वळून बघते तर काय, हिचे डोळे मिटलेले, हात तसाच गोल फिरायलाय आणि जात्यात दाणा न्हाई! भाकरी थापतानाही तेच. एकदा तर पिठाचा गोळा तिनं पाण्याच्या घागरीत सोडला, वर झाकण ठेवलं आणि हात पुसत उठली. नंतर विचारलं तर तिला काही ठाऊकच न्हाई.

मग सुरू झाले घरचे इलाज. आधी अव्वानं तिचं ताक बंद केलं, ताकानं सुस्ती येते म्हणून. शेजारच्या कमलबाईनं डोळा मिचकावून सांगितलं, "अगं, दिवस गेले असतील, पहिल्या वेळेला अशीच गुंगी येते." सुईणीनं बघितलं, तसं काही न्हाई म्हणाली. मग बाया शिवशरणच्या मागं लागल्या, "काय रे, रात्रीची झोपू देत न्हाईस का तिला?" तो लाजून गोठ्यात पळायचा. हेमावती रात्री तर झोपायचीच, आमच्या सगळ्यांच्या आधी झोपायची. शेवटी अव्वानं निकाल दिला की हा आळस आहे आणि वर सोंग आहे. "झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला न्हाई," असं दिवसातून चारदा तिला ऐकवायची.

मला ते पटेना. आळशी बाई काम बघून झोपते. ही काम करता करता झोपायची आणि झोपेतही हात चालूच ठेवायची. असला आळस मी तरी कुठं बघितला न्हाई.

एका दुपारी आम्ही दोघी अंगणात तूर पाखडायला बसलो होतो. पारवे घुमायलते, ऊन भिंतीवरून हळूहळू खाली उतरायलतं. मी विचारलं, "हेमा, खरं सांग, काय होतंय तुला?"

"बसक्का, मला झोप येत न्हाई, झोप माझ्यावर पडते," ती म्हणाली. "डोळे मिटायच्या आधीच स्वप्न चालू होतं. आता तुम्ही इथं बसलात ते दिसतंय, आणि तुमच्या मांडीवर मोर बसलाय तो पण दिसतोय. मग मला ठरवावं लागतं, यातलं खरं कोण."

"आणि कसं ठरवतेस?"

"तुम्ही शिव्या देता. मोर देत न्हाई."

अगं बाई! मी एवढी हसले की सूप सांडलं. तीही हसली, आणि हसता हसता मान खाली गेली, हात सैल पडले, धान्याच्या राशीवर कलंडली. क्षणभरच. मग उठून पदर झटकला आणि म्हणाली, जनवाड्यात भाऊ तिला डुलकी म्हणायचे, आणि आईनं शपथ घातली होती की सासरी यातलं काही सांगू नको.

आता अप्पांची गोष्ट सांगायलाच पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं न्हाई. अप्पा म्हणजे माझे वडील. हेमावती यायच्या आधी, रझाकारांच्या धामधुमीच्या शेवटच्या दिवसांत ते गाडी जुंपून हुमनाबादच्या बाजाराला गेले. संध्याकाळी बैल गाडी घेऊन आपले आपण घरी आले. गाडीत कुणी न्हाई. गावानं ओढे धुंडाळले, विहिरीत गळ टाकले. कुणी रझाकार म्हणालं, कुणी दरोडेखोर. कळलं काहीच न्हाई.

आमच्या लिंगायतांत माणसाला जाळत न्हाईत, मातीत बसवतात. मांडी घालून, कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवून. ते लिंग लहानपणीच स्वामी देतात. जन्मभर गळ्यात बांधून वागवायचं, रोज आंघोळ झाली की डाव्या हातावर घेऊन पूजायचं आणि शेवटी त्याच हातावर घेऊन मातीत बसायचं. अव्वाला अप्पा गेल्याचं दुःख होतंच, पण तिच्या काळजात काटा होता तो निराळाच. अप्पांना कुणी बसवलं असेल का? का कुठल्या ओढ्यात आडवेतिडवे पडले असतील? ती कुणाला विचारायची न्हाई. पण जेवायला बसली की पहिला घास हातात धरून बराच वेळ तशीच राहायची. मलाही तोच काटा होता. लेक होते मी त्यांची.

तर हेमावतीला आमच्या घरी वर्ष होत आलं असेल. सकाळची वेळ, देवघरात झरोक्यातून उन्हाची तिरीप आलेली. हेमावती आंघोळ करून, लिंग हातावर घेऊन पूजेला बसली. आमची पूजा आटोपते आणि आम्ही कामाला लागतो. हिची आटोपेना. अव्वा रागानं आत गेली आणि उंबऱ्यातच थांबली. हेमावतीची पाठ ताठ, डोळे अर्धे उघडे, तळहात समोर स्थिर, त्यावर लिंग, आणि ओठांवर बारीक हसू. अव्वानं हाक मारली. उत्तर न्हाई. दुसरी हाक मारली तेव्हा हेमावती त्या तंद्रीतूनच बोलली, "मामंजी बसलेत. आंब्याखाली बसलेत. हातावर लिंग आहे."

झालं! काल जिला सोंगाडी म्हणत होती तिच्या पायांवर माझ्या आईनं डोकं ठेवलं आणि अशी रडली, अशी रडली, की गोठ्यातून शिवशरण धावत आला. "बसवलं रे तुझ्या अप्पांना! कुणीतरी पुण्यवंतानं बसवलं! आंब्याखाली बसवलं!" त्या दिवशी अव्वा पोटभर जेवली. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती, खोटं कशाला बोलू?

मग काय, गावात गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? शांतय्या स्वामी आले. गावाबाहेरच्या लहान मठाचे हे म्हातारे स्वामी डोक्यावर सदा भगवी टोपी घालायचे, स्वभावानं अगदी साधे, लबाडी ठाऊक नसलेले. त्यांनी हेमावतीला पूजेत बसलेली बघितली आणि हात जोडले. "हिला शिवयोग लागतो," म्हणाले. "ही शरणी आहे, शिवाचीच झालेली."

बाया यायला लागल्या. कुणाची म्हैस हरवलेली, कुणाचा लेक हैदराबादेला जाऊन परतलेला न्हाई. हेमावती डोळे मिटून काही पुटपुटली की त्याचा अर्थ लावत घरी जायच्या. अव्वा तिला कामाला हात लावू देईना. सुरुवातीला हेमावतीला बरं वाटलं, कामून न वाटावं? शिव्या थांबल्या, हवं तेव्हा डोळा लागला तरी कुणी हलवत न्हाई. पण एक दिवस पाणी भरताना माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बसक्का, हे लोक मला विचारतात आणि मी झोपलेली असते. मी काय बोलते ते मलाच ठाऊक न्हाई."

मी तडक मठात गेले. "स्वामी, हा योग असेल तर भाकरी थापताना कामून येतो? गाडीत बसल्यावर कामून येतो? जेवल्यावर येतो, तूर निवडताना येतो, आणि तुमचं पुराण चालू झालं की तर सगळ्यात आधी येतो!"

स्वामी हसले. "बसम्मा, आपल्यात कामालाच पूजा मानतात. मग काम करताना शिव भेटला तर नवल काय? तूर निवडतानाही भेटेल की."

घ्या! पालथ्या घड्यावर पाणी. स्वामींचं बोलणं खोटं नव्हतं, नुसतं चुकीच्या जागी होतं. घरी येऊन मी शिवशरणला ते शब्दाला शब्द ऐकवलं.

पुढं हेमावतीला खरंच दिवस गेले आणि मुलगी झाली. नाव नीलव्वा ठेवलं. डोळे आईचे. आणि तिथून माझ्या भावजयीचे हाल बघवेनासे झाले. लेकराला पाजायला आणायचं, हेमावतीनं आडवं होऊन पाजायचं, आणि पोट भरलं की अव्वा उचलून घेऊन जायची. "शरणीला संसाराची ओढ नको," म्हणायची. हेमावती उठून लेकराकडे जायची, दोन हात पुढं करायची आणि मध्येच थांबायची. तिला स्वतःचाच भरवसा नव्हता. पूजेत हातावरचं लिंग पडेल याचं तिला भ्याव होतं, आणि लेकरू पडेल याचं त्याहून जास्त.

त्यातच कार्तिकाच्या सोमवारी हेमावतीला मठात गादीवर बसवायचं ठरलं. शांतय्या म्हातारे झालेले, मठाला माणूस पाहिजेच होतं. तिनं तिथंच राहायचं, लोकांना दर्शन द्यायचं, आणि नीलव्वानं आजीजवळ वाढायचं. दुष्काळात तेरावा महिना! मी शिवशरणला गोठ्यात गाठलं. "अरे, बायको चाललीय तुझी. तोंड हाय का न्हाई तुला?" तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "अव्वा त्या दिवसापासून जेवायलीय अक्का," म्हणाला. "आता तिला काय सांगू?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण खरं सांगते, अव्वाचं जेवण तोडायची हिंमत माझ्यातही नव्हती.

गादीचा सोमवार तोंडावर आला आणि नीलव्वाला खोकला झाला, अंगात ताप. काढा दिला, छाती शेकली, उतार पडेना. म्हणून शिवशरणनं गाडी जुंपली आणि आम्ही सगळे हुमनाबादच्या सरकारी दवाखान्यात गेलो. हेमावतीला न्यायलाच पाहिजे होतं, लेकरू अंगावर पीत होतं.

दवाखान्याच्या ओसरीवर ही गर्दी. हेमावती खांबाला टेकली आणि टेकताक्षणी झोपेत गेली. अव्वानं लेकरू मांडीवर घेऊन शेजारच्या बायांना सांगायला सुरुवात केली की आमची सून शरणी आहे, आता तिचा योग लागलाय, जरा लांबून बसा. तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हैदराबादकडच्या होत्या, मराठी बोलायच्या आणि मधूनच दखनीत शिरायच्या. त्यांनी नीलव्वाची छाती तपासली, औषध दिलं, घाबरायचं कारण न्हाई म्हणाल्या. मग हेमावतीकडे बघत राहिल्या. तिच्या पापण्यांखाली डोळे हलायलते, बोटं कशाला तरी चाचपडायलती.

"ये कब से सोती है ऐसा?" त्यांनी विचारलं.

"झोप न्हाई ती," अव्वा म्हणाली. "योग आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या न्हाईत, हे त्यांचं मी आजही मानते. म्हणाल्या, "योगाचं मला कळत न्हाई अम्मा. झोपेचं थोडं कळतं. दोन गोष्टी विचारू का तिला?"

हेमावतीला उठवलं. आत नेलं. आम्ही तिघंही दारात उभे. बाईंनी एक एक विचारायला सुरुवात केली, घाई न करता. नुसतं बसलीस की डोळा लागतो का? गाडीत? जेवण झाल्यावर? कुणी बोलत असताना? तू स्वतः बोलत असताना? चालताना कधी? हेमावती नुसती मान हलवत होती, व्हय, व्हय, व्हय. थोडं झोपून उठलीस की बरं वाटतं? वाटतं, पण फार वेळ टिकत न्हाई. रात्री सलग झोपतेस? न्हाई, तुटून तुटून. हे कधीपासून? न्हाण आलं त्याच्या आगंमागं.

"जाग आली तरी अंग हलत न्हाई, असं होतं का? छातीवर कुणी बसल्यासारखं?"

हेमावतीनं त्यांचा हातच धरला. "तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हणाली. "मी तर आईला पण सांगितलं न्हाई. मला वाटलं, मला एकटीलाच..." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"रोओ नक्को," बाई म्हणाल्या. "अजून एकच. खूप हसलीस की गुडघे जातात का? हात सैल पडतात?"

हेमावतीनं शिवशरणकडे बघितलं. मला तूर पाखडायची ती दुपार आठवली, राशीवर कलंडलेली हेमावती आठवली. पण माझ्या आधी शिवशरण बोलला. जन्मात कधी कुणापुढं न बोलणारा माझा भाऊ.

"जातात," तो म्हणाला. "लग्न झालं तेव्हा मी लई नकला करायचो, शांतय्यांची, गावातल्या सगळ्यांची. ती हसायची आणि खाली पडायची. एकदा चुलीजवळ पडली. तेव्हापासून मी तिला हसवायचं सोडलंय."

दोन वर्षं एका घरात राहून हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, हा मुळातच मुखदुर्बळ.

बाईंनी सांगितलं की हा झोपेचा आजार आहे. विरळा आहे, त्यांनी स्वतः असा एकच रोगी आधी बघितलेला. हा आळस न्हाई आणि अंगात येणंही न्हाई. पूर्ण बरा होत न्हाई, पण सांभाळता येतो. सकाळचं काम आवरलं की थोडं आणि दुपारी जेवल्यावर थोडं असं ठरवून झोपू द्या, म्हणजे अवेळी कमी पडेल. चुलीजवळ आणि विहिरीवर एकटीला सोडू नका. लेकरू तिच्याजवळ द्या, फक्त बसलेली असताना द्या. एक गोळी असते, हैदराबादहून मिळते का बघते.

अव्वाचा चेहरा दगडासारखा झाला होता. "चला," म्हणाली. "ह्या बाईला आपल्यातलं काय कळतंय?" आणि लेकरू छातीशी धरून गाडीत जाऊन बसली.

परतीची वाट मला अजून दिसते. कार्तिकाचं ऊन, मऊ, पिवळं. दोन्ही अंगाला ज्वारी निसवायला, कणसं टाकायला आलेली, वाऱ्यानं हलायली. चाकांचा एकसुरी आवाज, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा नाद, धुळीचा वास. असल्या गाडीत कुणालाही पेंग येईल. शिवशरण कासरा धरून पुढं बसलेला, नीलव्वा अव्वाच्या मांडीवर औषधानं शांत झोपलेली. हेमावती केव्हाच झोपेत गेलेली. तिचं डोकं गाडीच्या हादऱ्याबरोबर डुलत होतं आणि ओठ पुटपुटत होते.

वाटेत आंब्याची रांग लागते. सावली आमच्या अंगावरून सरकायला लागली. अव्वा वाकली, हेमावतीच्या तोंडाजवळ कान नेला आणि हळू आवाजात विचारलं, रोज विचारायची तसं, "कोण दिसतंय गं माय?"

"बसलीय," हेमावती झोपेतच म्हणाली.

"कोण बसलंय? कुठं?"

"आंब्याखाली. म्हैस. मांडी घालून बसलीय. शांतय्यांची टोपी घातलीय."

माझ्या पोटातून हसू वर आलं आणि अव्वाचा चेहरा बघून तिथंच विरलं. आई तशी मी कधी बघितली न्हाई. अप्पांची रिकामी गाडी आली त्या संध्याकाळीसुद्धा न्हाई. त्या दिवशी आरडाओरडा तरी होता. आता ती नुसती बसली होती, आणि तिच्या हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखे तिचे हात उघडे पडले होते.

"थांब रे शिवशरण," ती म्हणाली. गाडी थांबली. हादरा थांबला तशी हेमावतीला जाग आली. अव्वानं तिच्याकडे सरळ बघितलं. "हेमा, आता तू पुरी जागी आहेस का?"

"व्हय अत्ते."

"मग खरं सांग. तुझे मामंजी आंब्याखाली दिसले ते काय होतं?"

हेमावतीनं माझ्याकडे बघितलं, मग नीलव्वाकडे. तिला काय वाटत असेल ते मला कळत होतं. खरंच दिसले म्हणाली तर अव्वाचं जगणं सुखाचं, आणि हिला सोमवारी मठ, लेकरू कायमचं लांब. झोप होती म्हणाली तर लेकरू हिचं, आणि अप्पा पुन्हा ओढ्यात. एवढ्या मोठ्या ओझ्याखाली तिला तेव्हा झोप कशी आली न्हाई याचं मला नवल वाटतं.

"अत्ते," ती म्हणाली, "झोपच होती ती. मी मामंजींना कधी बघितलंच न्हाई. तुम्हीच रोज त्यांचं सांगायच्या. पांढरा पटका, कानात बाळी, पाठ ताठ ठेवून बसायची ढब. त्या सकाळी तुम्ही लोणच्याला आंबे चिरत होतात आणि सांगत होतात की त्यांना कैरीची फोड आवडायची. ते ऐकून मी पूजेला बसले. तुम्ही सांगितलं तेवढंच मला दिसलं. मी वेगळं कुठून काही आणलं न्हाई."

बैलानं शेपटी झटकली. अव्वानं मान वळवून त्या झाडांकडे बघितलं.

"म्हणजे मीच बसवलं त्यांना," ती म्हणाली.

"व्हय अव्वा," मी म्हणाले. "तूच बसवलंस. दुसरं कोण बसवणार होतं?"

तिनं नीलव्वाला माझ्याकडे दिलं आणि गाडीतून उतरली. पाण्याचा तांब्या घेतला. एका जुन्या आंब्याच्या बुडाशी गेली, हातानं पालापाचोळा बाजूला केला, माती सारखी केली. कमरेच्या पिशवीतून विभूती काढून त्या मातीला लावली, कपाळाला लावतात तशी, तीन बोटांनी. वर पाणी शिंपडलं. आणि मग तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. उभ्या जन्मात तिच्या तोंडून ते आम्ही ऐकलं नव्हतं, आमच्याकडच्या बाया घेतच न्हाईत.

"गुरुशांतप्पा," ती म्हणाली. "बसा आता. नीट बसा."

मी तिथं उभी राहून हुंदके देत रडले आणि मला त्याची लाज वाटत न्हाई. शिवशरण झाडाला कपाळ टेकून उभा होता. माझ्या अप्पांची माती त्या दुपारी झाली, असंच मी धरते.

अव्वा परत गाडीत चढली ती वेगळीच बाई. "सोमवारचं मी शांतय्यांना सांगते," म्हणाली. "मठात गादी आहे ती बसायला आहे, झोपायला न्हाई." मग हेमावतीला म्हणाली, "मागं सरक. पोत्याला टेकून बस. पाय पसर. हं." आणि माझ्या हातातून नीलव्वाला घेऊन तिच्या मांडीवर ठेवलं.

हेमावती कावरीबावरी झाली. "अत्ते, नको, मला डोळा लागला तर? हातातून पडली तर?"

"पडेल कशी?" अव्वानं हेमावतीचाच पदर ओढला, लेकराच्या अंगाखालून घेतला, आईच्या पाठीमागून फिरवला आणि पक्की गाठ मारली. "लिंग आपण गळ्यात बांधतो ते कामून? माणसाच्या हातावर एवढा भरवसा असता तर बांधलं असतं का?"

गाडी पुन्हा हलली. ऊन तसंच होतं, ज्वारी तशीच हलायलती. हेमावती लेकराच्या डोक्यावर हनुवटी ठेवून बसली होती, पापण्या जड व्हायलत्या, आणि या वेळी त्यांच्याशी ती भांडत नव्हती. तेवढ्यात पुढून शिवशरणनं मान वळवली. चेहरा एकदम गंभीर करून, शांतय्यांचा तो घोगरा आवाज काढून म्हणाला, "बसम्मा, टोपी घातलेल्या म्हशीलाही शिव भेटेल की!"

आधी अव्वा हसली, तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. मग मी. आणि हेमावती अशी हसली की तिची मान सैल झाली, हात दोन्ही बाजूंना पडले, आणि ती हळूच अव्वाच्या खांद्यावर कलंडली. नीलव्वा पदरात होती तिथंच राहिली.